पाण्यात पडण्याआधी विचारा

मागच्या अंकात टँकबाहेरच्या पोहण्याबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या आणि त्यावर जे प्रश्न आले ते बहुतेक एकाच वळणाचे निघाले, की कुठल्यातरी चांगल्या कामासाठी लांब पोहून पैसे जमवायचेत, कसं करू. नाशिककरांची सायकल झाली, मॅरेथॉन झाली, आता पाणी. म्हणून यावेळचं सगळं पान त्यालाच दिलंय.

प्रश्न : वय ३४, आयटीत नोकरी. रोज सकाळी टँकवर न थांबता दीड किलोमीटर पोहते. सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत मुलींसाठी बाथरूम आणि पाण्याची टाकी बांधायचीय, त्यासाठी गंगापूर धरणात ५ किलोमीटर पोहायचं डोक्यात आहे. ऑफिसमधले म्हणतात दर किलोमीटरमागे प्रत्येकी हजार रुपये देऊ. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, कॉलेज रोड

ताई, आधी धरणाचं मिटवून टाकू. गंगापूर नको. आपण सगळे जे पाणी पितो ते तिथून येतं, ते मनात आलं म्हणून उतरायचं ठिकाण नाही, आणि तिथे बोट क्लब आहे म्हणजे पोहायलाही मुभा आहे असा अर्थ होत नाही. दुसरं म्हणजे धरणाचं पाणी वरून शांत दिसतं तेवढं ते नसतं, काठावरून दोन पावलं गेलं की एकदम खोल, तळाला गाळ, मधेच मासेमारीची जाळी, आणि विसर्ग चालू असला तर ओढ कुठून येते ते वरून कळत नाही. नाशिकच्या आसपासच्या धरणांवर बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, त्यात चांगलं पोहणारी पोरंही असतात. कुणी संस्था लेखी परवानगी, रेस्क्यू बोटी, डॉक्टर असं सगळं घेऊन इव्हेंट करत असेल तर भाग वेगळा, एकटीने किंवा चार मैत्रिणी काठावर उभ्या करून अजिबात नाही.

५ किलोमीटरच पाहिजे तर आपल्याला मुंबई जवळ आहे. संकरॉक, म्हणजे मुंबई बंदरातलं दीपगृह, तिथून गेट वे ऑफ इंडिया हे अंतर साधारण ५ किलोमीटरचंच, लांब पोहायला सुरुवात करणारे पुष्कळ जण तिथूनच करतात, त्यापुढे एलिफंटा ते गेट वे साधारण १४ आणि मग धरमतर ते गेट वे ३६ किलोमीटर अशी चढती भाजणी आहे. पण हे मुंबई बंदराचं पाणी आहे, जहाजं आणि लाँच सारख्या ये-जा करतात, त्यामुळे परवानगी आणि सोबतीची बोट याशिवाय विचारच करू नका, जलतरण संघटनेच्या माणसांमार्फतच जा. दुसरा आणि पहिल्या खेपेला मला जास्त आवडणारा पर्याय म्हणजे मालवण. तिथे चिवला बीचवर दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा होते, वयाप्रमाणे वेगवेगळी अंतरं असतात, आजूबाजूला शेकडो टोप्या दिसतात आणि लाईफगार्ड कोणीतरी आधीच नेमलेले असतात, तुमच्या डोक्याला तो ताप नाही.

दीड किलोमीटर न थांबता येतंय म्हणजे पाया आहे. ५० मीटरच्या टँकमधे ५ किलोमीटर म्हणजे १०० लेन्थ, २५ च्या टँकमधे २००, आणि एक गोष्ट लक्षात घ्या की दर लेन्थला भिंतीला पाय मारून तुम्ही थोडी थोडी फुकटची विश्रांती घेत असता, समुद्रात भिंत नाही. म्हणून टँकमधे ६ किलोमीटर आरामात निघालं की समुद्रातल्या ५ ला तयार समजा. त्याला चार-पाच महिने द्या, आठवड्यातून एकच दिवस लांब पोहा आणि ते अंतर हळूहळू वाढवा, बाकीचे दिवस कमी आणि नीट हात मारत, नाहीतर खांदा धरतो आणि एकदा धरला की महिना दोन महिने खातो. तुमचा १०० मीटरचा टाइम सव्वादोन मिनिटं असेल तर ५ किलोमीटरला पावणेदोन तासांच्या थोडं वर लागतील, पाण्याची साथ असली तर कमी, उलटं असलं तर कितीही.

टँकमधे तळाला काळी पट्टी असते, समुद्रात ती नसते हे सगळ्यांना माहीत असतं पण त्याची प्रॅक्टिस कोणी करत नाही. आठ-दहा हातांनंतर मगरीसारखे नुसते डोळे पाण्यावर काढून समोरची खूण बघायची, लगेच बाजूला श्वास घ्यायचा आणि चालू राहायचं. पूर्ण डोकं वर काढलंत तर पाय खाली जातात आणि मान दुखते ती वेगळीच. श्वास दोन्ही बाजूंनी घेता आला पाहिजे, कारण लाट नेमकी तुमच्या आवडत्या बाजूने आली तर मग काय प्यायचंच का पाणी? काखेत, मानेला, कॉस्च्युमच्या पट्ट्यांखाली व्हॅसलीन चोपडा, खाऱ्या पाण्यात दोन तास घासल्यावर त्या जागा सोलून निघतात.

आणि भरती-ओहोटी. कोकणातल्या जुन्या माणसाला विचारलंत तर तो घड्याळ न बघता सांगेल, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ मिळते, अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. आता मोबाईलवर तक्ते मिळतात तेच वापरा, पण हे गणित माहीत असलं की तारीख ठरवताना बोटवाला काय म्हणतोय ते कळतं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, तेव्हा पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, तेव्हा कमी. तारीख तुमच्या वाढदिवसाची किंवा ऑफिसच्या सुट्टीची नसते, पाण्याची असते.

आता त्या हजार रुपयांचं, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातला हाच सगळ्यात धोक्याचा भाग आहे. दर किलोमीटरमागे पैसे नका घेऊ. ऐकायला मजा वाटते, ऑफिसात वातावरणही तयार होतं, पण साडेतीन किलोमीटरला पायात गोळा आला, दात वाजायला लागले, तेव्हा तुमच्या डोक्यात गोळ्याचा विचार येणार नाही, राहिलेल्या दीड किलोमीटरचे पैसे आणि त्या पोरींचं बाथरूम येईल, आणि तुम्ही थांबणार नाही. देणाऱ्याने चांगल्या मनानेच दिलेलं असतं पण पाण्यात त्याचं ओझं होतं. त्यापेक्षा ऑफिसला सरळ सांगा, पैसे बाथरूमला द्या, माझ्या हातांना नको, आणि मी पाण्यात उतरायच्या आधीच द्या. पोचले तर पार्टी, नाही पोचले तरी टाकी बांधली जाणार. ज्याला हे पटत नाही त्याला देणगी द्यायची नव्हती, पैज लावायची होती.

याच्याच जोडीला अजून एक, थांबवायचा अधिकार बोटीवरच्या माणसाला द्या आणि आदल्या दिवशी चार लोकांसमोर द्या. त्याने बाहेर ये म्हटलं की बाहेर, वाद किनाऱ्यावर घालायचा. आरती साहांचं उदाहरण बघा. इंग्लिश खाडी पोहून जाणारी आशियातली पहिली बाई म्हणून सगळ्यांना २९ सप्टेंबर १९५९ ही तारीख सांगता येते, पण त्याच्या महिनाभर आधी ऑगस्टमधे त्यांचा एक प्रयत्न झाला होता. वाट दाखवणारी पायलट बोट उशिरा आली, वेळ चुकली, किनारा थोडक्यात राहिला असताना उलट्या प्रवाहात अडकल्या, त्यांना थांबायचं नव्हतं पण पायलटने भाग पाडलं आणि त्या बाहेर आल्या. म्हणून तर सप्टेंबरमधे परत उतरता आलं ना!

प्रश्न : वय ६१. मी रामकुंडावर पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलो, पुरात पुलावरून उड्या मारणाऱ्यांतला आहे. शाळेच्या मित्रांनी ठरवलंय, सोमेश्वर ते रामकुंड नदीतून पोहायचं आणि डायलिसिसच्या पेशंटसाठी निधी जमवायचा. तुम्ही लोक उगाच नियम फार सांगता. – पंचवटीकर

काका, तुमच्या पिढीइतकं पाणी आम्हाला कळत नाही हे मान्य, पण तुम्ही ज्या गोदावरीत शिकलात ती आता तिथे नाही. पाणवेली बघा, त्यात हात अडकला की चांगला पोहणारा पण दमतो. सांडपाण्याबद्दल काय बोलायचं, आपण सगळे त्या पुलांवरून नाक दाबून जातो. पायाला साधी चीर असली तरी अशा पाण्यातून लेप्टोसारखा ताप येऊ शकतो, तो सुरुवातीला साध्या फ्लूसारखाच वाटतो म्हणून असल्या पाण्यात उतरल्यावर ताप आला तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगायचं असतं. आणि मधले बंधारे. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली जागच्या जागी गोल फिरत राहतं, त्यात सापडलेला माणूस वर यायचा प्रयत्न करतो आणि ते परत आत ओढतं, तिथे तब्येत आणि अनुभव दोन्ही चालत नाहीत. पुराच्या उड्यांबद्दल तर बोलतच नाही. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते बघायला सगळं गाव जातं, तेवढंच करावं.

तुमच्या मित्रमंडळाचा बेत मात्र मला आवडला, फक्त तो नदीतून उचलून टँकमधे आणा. सावरकर जलतरण तलाव किंवा तुमच्या जवळचा कुठलाही टँक, रीतसर विचारून अर्धा दिवस घ्या आणि सगळ्या मित्रांनी आळीपाळीने रिले पोहा, एक जण कायम पाण्यात. लोक येऊन बघू शकतात, नातवंडं ओरडतील, बाहेर डायलिसिसची माहिती द्यायला टेबल लावता येईल. समुद्रात पोहणारा माणूस किनाऱ्यावरून ठिपक्याएवढाही दिसत नाही, पैसे जमवायच्या दृष्टीने टँकच भारी. समुद्राचीच हौस असेल तर स्पर्धांमधे मोठ्या वयाचे गट असतात, तिथे जा. दोन्हीकडे, आधी ईसीजी आणि डॉक्टर म्हणतील तर स्ट्रेस टेस्ट, बीपीची गोळी चालू असेल तर तेही सांगा. गार पाण्यात शिरताना पहिल्या एक-दोन मिनिटांत जो दम लागतो, छाती धडधडते, तिथे साठीनंतर जपावं लागतं. सूर मारून उतरू नका, तोंडावर मानेवर पाणी घेत हळू शिरा.

प्रश्न : लांब पोहायचा दिवस आणि संकष्टी एकत्र आली तर? आणि पाण्यात खायचं कसं? – इंदिरानगर

उपास मोडायचा की नाही ते बाप्पा आणि तुम्ही बघा, पोटात काहीतरी पाहिजे हे मी सांगते. तासाभराच्या वरचं पोहणं असेल तर दर अर्ध्या तासाला थोडं थोडं, तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्स जातील असं. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात त्यावरून अंदाज घ्या. ग्लुकोजचं कोमट पाणी, केळं, बिया काढलेला खजूर, हे सगळं उपासाला चालतंच. साबुदाण्याची खिचडी आदल्या रात्री खा, सकाळी नको, तूप-दाणे घेऊन पोहता येत नाही. राजगिऱ्याचा लाडू नको, खाऱ्या तोंडात तो टाळूला चिकटून बसतो. बोटीवरून बाटली दोरीला बांधून टाकायची, तुम्ही उताणं होऊन प्यायचं, बाटली सोडायची, चालू लागायचं. बोटीला हात लावायचा नाही, नियमाच्या पोहण्यात बोटीला धरलं की तिथेच बाद. आणि त्या दिवशी नवीन काहीही पोटात घालू नका, जे टँकवर खाऊन बघितलंय तेच.

प्रश्न : माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, छान पोहतो. ओळखीचे म्हणतात कॅन्सरपीडित मुलांसाठी निधी म्हणून त्याला समुद्रात लांब पोहायला लावा, रेकॉर्डही होईल. – नाशिक रोड

नको. आंतरराष्ट्रीय ओपन वॉटर, म्हणजे टँकबाहेरच्या पोहण्याच्या स्पर्धांना किमान वय १४ आहे, इंग्लिश खाडीच्या चॅनल स्विमिंग असोसिएशनने १६ ठेवलंय, ते लोक काही वेडे नाहीत. लहान अंगातली उष्णता मोठ्या माणसापेक्षा लवकर जाते आणि नऊ वर्षांचं पोर बाबांकडे बघून थंडी वाजत नाही असंच सांगतं. त्याला पाणी आवडतंय ना, आवडू द्या. निधी तुम्ही पोहून जमवा.

प्रश्न : एकदम इंग्लिश खाडीच केली तर जास्त पैसे जमतील ना? मी कॉलेजला आहे, नाशिकला समुद्र नाही, तरी जमेल का? – गंगापूर रोड

समुद्र पुण्यालाही नाही, तरी पुण्याच्या रोहन मोरेने जगातल्या सात अवघड खाड्या-सामुद्रधुन्या पोहून २०१८ मधे ओशन्स सेव्हन पूर्ण केलं, असं करणारा तो पहिला आशियाई. त्यामुळे जमणार नाही असं मी म्हणणार नाही. पण इंग्लिश खाडी सरळ रेषेत सुमारे ३३-३४ किलोमीटर, प्रवाहामुळे प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त, उन्हाळ्यातसुद्धा पाणी साधारण १५ ते १८ डिग्री, आणि वेटसूट, म्हणजे अंग गरम ठेवणारा रबरी सूट, चालत नाही, साधा कॉस्च्युम, एक टोपी, गॉगल. त्याआधी गार पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवावं लागतं. पायलट बोटीचं बुकिंग फार आधी करावं लागतं आणि बोट, राहणं, विमान मिळून जो खर्च होतो तो बघून मला खरंच वाटतं की आधी एक वही घेऊन बसा, खर्च किती आणि जमणारा निधी किती. खर्च जास्त निघाला तर ते तुमचं स्वप्न आहे, समाजकार्य नाही. स्वप्न म्हणून करा की, काही वाईट नाही, फक्त लोकांच्या देणगीतून विमानाचं तिकीट काढायचं नाही. आधी मालवण, संकरॉक, एलिफंटा होऊ दे.

प्रश्न : पैसे माझ्या यूपीआयवर घेतले तर चालतील का? अमेरिकेतला मामाही द्यायचं म्हणतोय. – सिडको

स्वतःच्या खात्यावर एक रुपया घेऊ नका, कितीही प्रामाणिक असलात तरी. संस्थेचाच क्यूआर कोड, संस्थेचीच पावती. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का आणि देणगीवर करसवलत देणारी ८०जी नोंदणी आहे का ते आधी विचारा. २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर त्यावर करसवलत मिळत नाही आणि ज्यांनी नवीन कररचना घेतलीय त्यांना ही सवलत तशीही नाही, हे देणाऱ्यांना आधीच सांगितलं की नंतर मार्चमधे फोन येत नाहीत. मामाचं असं आहे की त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर प्रश्न नाही, पण तो अमेरिकन नागरिक झाला असेल तर त्याची देणगी परदेशी धरतात आणि ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते. बऱ्याच छोट्या संस्थांकडे ती नसते. मग मामाला म्हणावं, दिवाळीत ये आणि मुलांना भेटून जा.

प्रश्न : जेलीफिश चावली तर? – अनेक जण

चोळू नका, गोड्या पाण्याने धुऊ नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा, नंतर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवा. श्वास लागला किंवा तोंड सुजायला लागलं तर पोहणं संपलं, सरळ डॉक्टर. मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात निळे ब्लूबॉटल येतात, ते वाळूत मेलेले दिसले तरी हात लावायचा नाही.

प्रश्न : बायको संकरॉकचं पोहणार आहे, बोटीवर मी असणार. मला पोहता येत नाही. मी नक्की काय करायचं? – एक नवरा, पाथर्डी फाटा

हा प्रश्न पोहणाऱ्यांनी विचारायला हवा होता, तुम्ही विचारलात, बरं वाटलं. पहिलं, लाईफ जॅकेट घाला आणि बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून तासभर आधी गोळी घ्या, तुम्हीच उलट्या करत बसलात तर तिच्याकडे कोण बघणार. बोटीवर तुमच्याशिवाय पाण्यात उडी मारू शकणारा एक तरी माणूस पाहिजेच, हे आयोजकांकडून पक्कं करून घ्या.

दुसरं, तिचे एका मिनिटातले हात मोजा. सुरुवातीला समजा ५६ असतील तर दर पंधरा मिनिटांनी परत मोजून वहीत लिहा. ते चांगलेच घसरायला लागले, ती सारखी एका बाजूला वळायला लागली, ओठ निळे दिसले, तर प्यायला द्यायच्या वेळी काहीतरी साधं विचारा, कामवाल्या मावशी किती वाजता येतात, आपल्या गाडीचा नंबर काय. उत्तर चुकलं, जीभ जड वाटली किंवा तिने नुसतंच हूं केलं, तर बाहेर काढा. ती चिडेल, चिडू दे. मुंबईचं पाणी इंग्लिश खाडीइतकं गार नसतं, पण दोन तास पाण्यात राहिलं की अंगातली उष्णता जातेच, आणि दमलेल्या माणसाला ते स्वतःला कळत नाही.

मधे मधे ओरडून किती राहिलं ते सांगू नका, पोहणाऱ्याला अंतर ऐकायचं नसतं. पुढचं पाणी प्यायला दहा मिनिटं आहेत, एवढं पुरतं.

बाहेर आल्यावर ओला कॉस्च्युम लगेच काढून कोरडे कपडे, आधी वरचं अंग, डोक्याला लोकरीची टोपी, मग कोमट गोड चहा. बाहेर आल्यावरही काही वेळ शरीर आतून गार होतच राहतं, म्हणून लगेच कडक गरम पाण्याची अंघोळ नको, चक्कर येऊन पडायला होतं, आणि हातपायही चोळू नका. कपड्यांची पिशवी वेगळी, वर तिचं नाव लिहिलेली, बोटीत कोरड्या जागी ठेवा. नाशिकहून निघतानाच दोन टॉवेल जास्त घ्या. फोटो काढायला बोटीवर दुसरं कोणीतरी न्या, तुमच्या हातात वही आणि शिट्टी पाहिजे, मोबाईल नको, आणि फेसबुक लाईव्ह तर अजिबात नको.